झडप हातात आली म्हणून पगार कापून घेऊ नका



मागच्या महिन्यात एका वाचक भावाचा व्हॉइस मेसेज आला. माणूस चिपळूणकडचा, राहायला शारजात, काम दुबईत, पूल मेंटेनन्सच्या कंपनीत. सकाळी व्हॅनमध्ये बसायचं आणि दिवसभरात दहा-अकरा व्हिलांचे स्विमिंग पूल साफ करायचे. एका व्हिलात त्याने स्किमरची बास्केट काढायला हात घातला आणि स्किमरच्या तोंडावरची प्लॅस्टिकची झडप बिजागरीतून सुटून हातात आली. संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, "तू तोडलीस, तू भर." पगाराच्या दिवशी १,२०० दिरहॅममधून ३५० कमी आले.

मेसेजच्या शेवटी तो म्हणतो, "दादा, मी तोडली नाही हो. ती हातातच आली. एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी कुठे भांडू?"

हा अग्रलेख त्या "एवढ्याशा प्लॅस्टिक"साठीच आहे. पूलचं काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच जणांच्या नशिबी हे कधी ना कधी येतंच. कधी झडप, कधी बास्केट, कधी झाकण. वस्तू लहान म्हणून आपण गप्प बसतो, आणि गप्प बसलो की पुढच्या महिन्यात पुन्हा कापतात.

झडप तुटते का?

ज्यांनी पूलचं काम केलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पूलच्या भिंतीत पाण्याच्या पातळीला एक चौकोनी तोंड असतं, ते स्किमर. पंप चालू झाला की वरवरचं पाणी त्या तोंडातून आत ओढलं जातं, त्याबरोबर पानं, किडे, धूळ, तेलाचा तवंग येतो आणि बास्केटमध्ये अडकतो. त्या तोंडावर जी हलती पट्टी असते ती झडप. कोणी फ्लॅप म्हणतं, कोणी डोअर. ती खालच्या बाजूने बिजागरीवर बसलेली असते आणि आत फोम असल्यामुळे तरंगते. पंप चालू असताना ती आत झुकते आणि फक्त वरचा पातळ थर आत घेते. पंप बंद झाला की उभी राहते, म्हणजे आत आलेला कचरा परत पूलमध्ये जात नाही.

आता विचार करा. ही पट्टी वर्षाचे बारा महिने पाण्यात, क्लोरीनमध्ये आणि आखाताच्या उन्हात असते. रोज हजारदा हलते. प्लॅस्टिक कडक होतं, ठिसूळ होतं. बिजागरीच्या पिना झिजतात, स्प्रिंग गंजते. फोममध्ये पाणी शिरलं की ती तरंगत नाही, तळाशी पडून राहते. त्यात कोणी क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या बास्केटमध्येच टाकून ठेवत असेल, तर पंप बंद असताना तिथलं पाणी एकदम तिखट होतं आणि झडपेचं आयुष्य आणखी कमी होतं. कित्येक ठिकाणी मजुराला गोळ्या तिथेच टाकायला सांगतात.

म्हणजे झडप झिजणं हे व्हॅनचे टायर झिजण्यासारखं आहे. टायर गुळगुळीत झाला म्हणून ड्रायव्हरचा पगार कापायचा का?

कायदा काय म्हणतो

हे युएईपुरतं सांगतो. २०२१ चा ३३ नंबरचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या २५ व्या कलमात पगारातून कशासाठी पैसे कापता येतात याची यादी दिली आहे. त्या यादीबाहेरच्या कारणासाठी कापता येत नाहीत.

नुकसानभरपाई त्या यादीत आहे, हे खरं. पण अटी बघा. नुकसान कामगाराच्या चुकीमुळे किंवा त्याने मालकाची सूचना मोडल्यामुळे झालेलं असलं पाहिजे. आपोआप झिजलेली वस्तू ही तुमची चूक होत नाही. दुसरं, कलमात मालकाच्या मालकीची हत्यारं, यंत्रं, माल असं म्हटलंय. व्हिलातला पूल तुमच्या कंपनीच्या मालकीचा नसतो, व्हिलावाल्याचा असतो. हा मुद्दा तक्रारीत जरूर मांडा. आणि तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: चूक खरोखर तुमची असली, तरी एका महिन्यात पाच दिवसांच्या पगारापेक्षा जास्त कापता येत नाही. जास्त कापायचं तर कोर्टाची परवानगी लागते.

आपल्या चिपळूणच्या भावाचा हिशोब करू. १,२०० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे ४०. पाच दिवसांचे २००. त्याचे कापले ३५०. म्हणजे चूक त्याचीच होती असं घटकाभर धरलं, तरी १५० दिरहॅम त्या महिन्यात जास्तीचे कापलेत. आणि चूक त्याची नव्हतीच, तर ३५० च्या ३५० परत यायला हवेत.

कर्ज, दंड, नुकसान अशी सगळी कारणं एकत्र केली, तरी एकूण कपात पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

एक सूचना. जे कंपनीत नसून थेट व्हिलावाल्याच्या व्हिसावर घरकामगार म्हणून आहेत, त्यांना घरकामगारांचा वेगळा कायदा लागतो. त्यांनी वरचा हिशोब स्वतःला जसाच्या तसा लावू नये, आधी हेल्पलाइनवर विचारावं.

जुगाड करू नका

आता थोडं आपल्याच लोकांना बोलतो. राग मानू नका.

झडप तुटली की आपला माणूस काय करतो? सुपरवायझरला कळू नये म्हणून तार बांधतो. पाण्याच्या बाटलीचा तुकडा कापून बसवतो. फेव्हिक्विक लावतो. आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो. गावाकडे मोटर, पंप, सायकल सगळं आपण असंच चालवलंय, म्हणून हात तिकडेच जातो.

पण इथे त्या जुगाडाचे तीन तोटे आहेत. एक, ती वस्तू झिजून तुटली होती याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलात. दुसरा, तारेने किंवा कापलेल्या प्लॅस्टिकने पोहणाऱ्या पोराचं बोट कापलं, तर "हे कोणी बसवलं" म्हणून बोट तुमच्याकडे येणार. आणि तिसरा, जुगाडाची झडप उभीच्या उभी अडकली तर पंपाला पाणी मिळत नाही, तो हवा ओढतो, मोटर कोरडी फिरून तापते. मग प्रश्न झडपेचा राहत नाही, मोटरचा होतो.

झडप तुटलेली दिसली की लपवू नका, त्याच मिनिटाला कळवा. मोबाईलवर फोटो काढा. तुटलेली बिजागरी, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक, गंजलेली पिन नीट दिसली पाहिजे. फोटो फक्त स्किमरचा घ्या. घर, गाडी, माणसं त्यात येऊ देऊ नका आणि फोटो फेसबुक-टिकटॉकवर टाकू नका. इथे खासगीपणाचा कायदा फार कडक आहे. मग सुपरवायझरला कळेल अशा भाषेत व्हॉट्सअ‍ॅप करा: आजची तारीख, व्हिला नंबर, स्किमरची झडप जुनी होऊन तुटली आहे, फोटो सोबत, नवीन पार्ट द्यावा. चार ओळी पुरेत. फोनवर तोंडी सांगितलेलं उद्या कोणी कबूल करत नाही. तुटलेला तुकडाही फेकू नका, पिशवीत घालून कंपनीत जमा करा आणि जमा केल्याचाही मेसेज टाका.

बदलताना हात सांभाळा

नवीन झडप आली की बसवायचं काम तुमच्याच गळ्यात पडणार. काम दहा मिनिटांचं आहे, पण हात जाऊ शकतो.

पहिली गोष्ट, पंप बंद. नुसतं बटण दाबून नाही, कारण बऱ्याच व्हिलांत पंप टायमरवर असतो. तुमचा हात आत आणि टायमरची वेळ झाली तर? स्किमरच्या तळाच्या पाइपाला ओढ जबरदस्त असते, हात चिकटला तर सुटत नाही. म्हणून पॅनेलवर जाऊन मेन स्विच पाडा, आणि तिथे कागद चिकटवा किंवा जोडीदाराला उभं करा, म्हणजे दुसरा कोणी चालू करणार नाही. पॅनेलला कुलूप असेल आणि चावी मिळत नसेल तर काम करू नका, तसं कळवा.

दुसरी गोष्ट, झाकण उघडल्यावर लगेच तोंड खाली नेऊ नका. आत गोळ्या असतील तर क्लोरीनची वाफ कोंडलेली असते. झाकण बाजूला ठेवा, वारा लागू द्या, मगच वाका. बास्केटमध्ये गोळ्या दिसल्या तर त्यावर दुसरी क्लोरीन पावडर किंवा ॲसिड चुकूनही टाकू नका. वेगवेगळ्या जातीचं क्लोरीन एकत्र आलं तर पेट घेऊ शकतं, स्फोट होऊ शकतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू होतो. हातमोजे आणि चष्मा कंपनीने द्यायचा आहे, तुम्ही विकत आणायचा नाही.

मग बाकीचं काम सोपं. जुनी झडप काढण्याआधी फोटो घ्या, फोमची बाजू कुठे होती ते कळतं. तोंडाची आतली रुंदी टेपने मोजा आणि नवीन झडप तेवढीच आहे का बघा. सगळ्या कंपन्यांच्या झडपा एका मापाच्या नसतात. एका बाजूची पिन भोकात बसवा, दुसरीकडची स्प्रिंगची पिन दाबून आत सरकवा, टक् करून बसते. बोटाने हलवून बघा: कुठेही न घासता आत झुकली पाहिजे आणि सोडल्यावर वर आली पाहिजे. घासत असेल तर चाकूने तासत बसू नका, माप चुकलंय. शेवटी पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या साधारण मध्यावर आहे ना ते बघा, बास्केट बसवा, झाकण लावा, आणि मगच पंप चालू करा. काम झाल्याचा फोटो पुन्हा सुपरवायझरला.

आणि हे सगळं १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उन्हात करायचं नाही. तेव्हा उघड्यावर, थेट उन्हात काम करून घ्यायला मनाई आहे. "मॅडमकडे संध्याकाळी पार्टी आहे" हे कारण कायद्यात बसत नाही.

पैसे कापलेच तर

आधी कंपनीकडे लेखी कारण मागा: किती कापले, कशाचे कापले. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका, कोरा कागद तर मुळीच नाही. पगार बँकेत पूर्ण जमा करून नंतर हातात रोख परत मागत असतील, तर तारीख, रक्कम आणि मागणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

उत्तर मिळालं नाही तर मनुष्यबळ मंत्रालयाच्या ६००५९०००० या नंबरवर किंवा त्यांच्या ॲपवर तक्रार करता येते. भारतीयांसाठी दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्यांचा टोल-फ्री नंबर ८००४६३४२. तिथे हिंदीत बोलता येतं. प्रकरण कोर्टात गेलं तरी एक लाख दिरहॅमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. आणि मंत्रालयाकडे खरी तक्रार केली म्हणून कामावरून काढलं, तर ते काढणं बेकायदेशीर ठरतं आणि त्याची भरपाई मागता येते.

भीती मला कळते. घरी हप्ते आहेत, पोरांच्या फी आहेत, व्हिसा कंपनीच्या हातात आहे. "३५० गेले तर गेले, नोकरी राहू दे" असं वाटणं साहजिक आहे. म्हणूनच म्हणतो, भांडण पगाराच्या दिवशी सुरू करू नका. झडप तुटल्याच्या दिवशी एक फोटो आणि चार ओळींचा मेसेज टाका. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुपरवायझर विचार करतो, कारण त्याला कळतं की या माणसाकडे लेखी आहे. आणि रूममध्ये पूलचं काम करणारे चार जण असाल तर चौघांनी हीच सवय लावा. एकट्याने लिहिलं तर तो माणूस वाकडा ठरतो, चौघांनी लिहिलं तर ती कंपनीची पद्धत होते.

चिपळूणच्या भावाकडे फोटो नव्हता, पण तुटलेली झडप त्याने व्हॅनमध्ये सीटखाली ठेवली होती. बिजागरीची पिन गंजून अर्धी झालेली स्पष्ट दिसते. ती घेऊन तो या आठवड्यात तक्रार करतोय. काय होतं ते कळवूच. तोवर तुम्ही उद्या सकाळी पहिल्या व्हिलात गेलात की पंप बंद करून झडप एकदा हलवून बघा. सैल वाटली तर आधी फोटो, मग काम.