मास्तरांनी शिकावे केव्हा?

संगमेश्वर तालुक्यातली एखाद्या वाडीवरची शाळा डोळ्यांपुढे आणा. मास्तर दोन, इयत्ता चार. वर खिचडीचा हिशेब आणि मतदारयाद्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. केवढी ओरड झाली!

मास्तरांनी शिकू नये, असे कोण म्हणतो? ह्याच जिल्ह्यातले धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास पायी गेले. पोर लहान दिसते म्हणून त्यांना बसूच दिले नाही! तेच कर्वे १८९१ साली फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले, आणि १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, शिक्षण परिषदांसाठी युरोपात गेले. हे कोणत्या परिपत्रकाने घडविले?

मास्तर मंडळींनो, क्रमिक पुस्तकाबाहेरचे शेवटचे पुस्तक आपण केव्हा वाचले? रागावू नका, उत्तर मात्र द्या. आणि सरकारसाहेब, परीक्षा खुशाल घ्या. पण पास झालेल्या माणसाने पुढचे पुस्तक कोणत्या घटकेला उघडावे, तेही त्याच कागदावर लिहा. निदान दिवाळीच्या सुटीत तरी त्याच्या घरी याद्या धाडू नका.