हायब्रिडचे ‘ॲव्हरेज’ : कागदावरचे आणि कोंडीतले

वसई, प्रतिनिधी : नवी मोटार घेण्यास निघालेल्या मध्यमवर्गीय ग्राहकाचा विक्रेत्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर भुरळ घालणारे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा बाजारात आली, तेव्हा तिच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारासाठी लिटरमागे २७.९७ किलोमीटरचा आकडा जाहीर झाला. टोयोटाच्या हायरायडरचाही आकडा तोच. २०२५ मध्ये आलेल्या व्हिक्टोरिसने तो २८.६५ वर नेला. मात्र वसई-विरारमधून रोज वा आठवड्यातून एकदा मुंबईकडे निघणाऱ्या ग्राहकाने हा आकडा जसाच्या तसा घरच्या अंदाजपत्रकात मांडला, तर त्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक.

चाचणी कशी होते?

जाहीर होणारा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून ठरावीक वेगक्रमानुसार चालवली जाते. या क्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, चढ-उतार नसतात, खड्डे नसतात आणि आजवरच्या पद्धतीत वातानुकूलन यंत्रणाही बंद ठेवली जाते. दोन गाड्यांची तुलना समान निकषांवर करता यावी, हा या चाचणीचा हेतू आहे. ग्राहकाला प्रत्यक्षात किती इंधन लागेल, याची हमी देणे हा नव्हे.

त्यात आता इंधनाचाही मुद्दा आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आज सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, या इंधनासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींत एक ते दोन टक्के आणि जुन्या रचनेच्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट गृहीत धरली होती.

कोंडीतच खरी परीक्षा

वसईहून भाईंदरला जाण्यासाठी खाडीवर रेल्वेचा पूल आहे. मोटारीसाठी मात्र थेट पूल नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो बोटसेवा सुरू झाली असली, तरी बहुसंख्य वाहने सातिवली वा चिंचोटीमार्गे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येतात आणि वर्सोवा पुलावरून पुढे सरकतात. पुलाच्या अलीकडची आणि घोडबंदर वळणावरची कोंडी येथील रहिवाशांना नवी नाही.

विरोधाभास असा, की हीच कोंडी हायब्रिडच्या पथ्यावर पडते. साधी पेट्रोल गाडी उभी असतानाही इंधन जाळते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कमी वेगात इंजिन बंद राहून विद्युत मोटार गाडी पुढे नेते, ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवली जाते आणि वातानुकूलनही विजेवर चालते. अर्थात या गाड्यांतील बॅटरी लहान असते. ग्रँड विटाराची तर एक युनिटहूनही कमी विजेची. ती उतरली की इंजिन सुरू होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात तासभर खोळंबलेल्या गाडीत हे वारंवार घडते. उलट, मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक लावण्याचे प्रसंगच कमी येतात आणि हायब्रिडचा फायदाही तितकाच घटतो. साध्या गाडीला महामार्गावर अधिक आणि शहरात कमी ॲव्हरेज मिळते, हा रूढ समज येथे लागू पडत नाही.

हिशेब लिटरमध्ये हवा

महिना १,२०० किलोमीटर धावणाऱ्या ग्राहकाचे उदाहरण घेता येईल. ग्रँड विटाराच्या माइल्ड हायब्रिड पेट्रोल प्रकाराचा जाहीर आकडा २१.११ होता. जाहीर आकडे खरे मानले, तर स्ट्राँग हायब्रिडमुळे महिन्याला सुमारे १४ लिटर पेट्रोल वाचते. आता कोंडीमुळे साधी गाडी १३ आणि हायब्रिड २१ किलोमीटरच देते, असे धरू. हायब्रिडचा आकडा जाहिरातीपेक्षा सातने खाली आला, तरी बचत मात्र ३५ लिटरवर जाते. म्हणजे ॲव्हरेजबाबत अपेक्षाभंग झालेला ग्राहकही खिशाच्या दृष्टीने फायद्यात असू शकतो. किलोमीटर मोजण्याऐवजी लिटर मोजले, तरच हे लक्षात येते.

पेट्रोलचा दर १०४ रुपये धरल्यास ही बचत महिन्याला सुमारे ३,६५० आणि वर्षाला ४४ हजार रुपयांची होते. हायब्रिडसाठी अडीच लाख रुपये जादा मोजले असतील, तर ते वसूल होण्यास साडेपाच ते सहा वर्षे लागतील. परंतु वसई, नालासोपारा, विरारमधील हजारो कुटुंबांचा कमावता माणूस लोकलनेच कामावर जातो; गाडी बाहेर निघते ती रविवारी, लग्नकार्याला वा गणपतीत गावी जाताना. महिन्याला ४०० किलोमीटर धावणाऱ्या अशा गाडीत तीच वसुली सतरा वर्षांवर जाते. खासगी मोटारीच्या नोंदणीची पहिली मुदतच १५ वर्षांची असते. शिवाय सीएनजीचा पर्याय आहे. दर किलोला ८० रुपये आणि ॲव्हरेज २० धरले, तर १,२०० किलोमीटरला ४,८०० रुपये लागतात. हायब्रिडला सुमारे ५,९५०. पंपावरील रांग आणि डिकीतील टाकी सोसण्याची तयारी असेल, तर सीएनजी आजही स्वस्त पडतो.

नावातला फरक आणि कराचे गणित

खरेदीपूर्वी आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांतील मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. वर उल्लेखलेली बचत अशा गाड्यांकडून अपेक्षित धरता येणार नाही.

सरकारी धोरणाचा कलही हायब्रिडकडे फारसा राहिलेला नाही. २००८ मध्ये होंडाची सिव्हिक हायब्रिड वीस लाखांहून अधिक किमतीला आली आणि ग्राहकांअभावी मागे पडली. किंमत हाच तेव्हा अडसर ठरला. जीएसटी लागू झाल्यावर मध्यम आकाराच्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के, तर तशाच पेट्रोल गाडीवर ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ४० टक्के कर आहे. कर उतरला, पण दोन टक्क्यांची आघाडी गेली. विद्युत वाहनांवर मात्र ५ टक्केच कर आहे.

तेव्हा हायब्रिड फसवी आहे असे नाही आणि ती सर्वांसाठी किफायतशीर आहे असेही नाही. रोज खाडी ओलांडून कोंडीत अडकणाऱ्यासाठी ती उपयुक्त आहे. लोकलचा पास काढणाऱ्यासाठी ती हौस ठरेल. विक्रेत्याला ‘ॲव्हरेज किती?’ हे जरूर विचारावे. पण त्याआधी ‘आपली गाडी महिन्याला किती आणि कोठे धावणार?’ हा प्रश्न ग्राहकाने स्वतःला विचारलेला बरा.