स्पेसबारचा टेकू

पानाच्या तळाशी असलेल्या एका ओळीवर लेख लिहावा, हे कोणास हास्यास्पद वाटेल. वार्षिकांकात दुष्काळ, हुंडा, बेकारी असे विषय असावेत, हे मलाही मान्य आहे. परंतु त्या एका ओळीपायी माझ्या वडिलांची एका दिवसाची मजुरी गेली, म्हणून हा प्रपंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रकल्प कसा लिहितात, हे घरी विचारायची सोय नाही. म्हणून पुढच्या वर्गातील एका ताईंची जुनी फाइल नमुना म्हणून घेतली. तिच्या फूटरमध्ये डावीकडे विषय, मधोमध ‘उस्मानाबाद’ आणि उजवीकडे पानाचा क्रमांक होता. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. मीही ‘धाराशिव’ केले. शब्द आखूड झाला आणि क्रमांक डावीकडे सरकला. स्पेसबार दाबत दाबत मी तो पुन्हा कडेला नेला. पडद्यावर सारे ठाकठीक दिसले.

छपाईच्या दुकानातील संगणकात मी वापरलेला फाँट नव्हता. अक्षरांची रुंदी बदलली आणि चाळीसच्या चाळीस पानांवर क्रमांक खालच्या ओळीत जाऊन पडला. छपाई, बांधणी, एस.टी.चे भाडे, सारे दुसऱ्यांदा भरावे लागले. दोष दुकानदाराचा नव्हता, माझा होता.

पण माझ्या एकटीचा होता काय? टाइपरायटरवर जवळपास प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळे, त्यामुळे मोकळ्या जागा मोजून ओळ मधोमध आणता येई. संगणकाच्या बहुतेक फाँटांत ‘ण’ला जागा जास्त लागते, ‘र’ला कमी. तेथे ही मोजणी चुकणारच. यंत्र बदलले, बोटांची सवय तीच राहिली. गंमत अशी की, टॅबची कळ टाइपरायटरवरही होती!

उपाय पाच मिनिटांचा आहे. वर्डमध्ये ‘शो/हाइड’चे बटण दाबले की स्पेस ठिपक्यांसारख्या आणि टॅब बाणासारखा दिसतो. ठिपक्यांची रांग पुसावी. मग डावा मजकूर, एक टॅब, मधला मजकूर, दुसरा टॅब आणि पानाचा क्रमांक. तरीही मधला शब्द बाजूला गेला, तर कारण समासात आहे. फूटरचा मधला टॅब सामान्यतः ३.२५ इंचांवर व उजवा ६.५ इंचांवर असतो. हे माप अमेरिकेतील साडेआठ इंची कागदाचे, दोन्हीकडे एकेक इंच समास धरून. आपला ए-४ कागद ८.२७ इंच रुंद. बांधणीसाठी डावीकडे दीड आणि उजवीकडे एक इंच सोडला, की ओळ उरते ५.७७ इंचांची. तिचा मध्य सुमारे २.८८ इंचांवर येतो. रूलरवरील खुणा त्याप्रमाणे सरकवाव्यात. नाहीतर ‘इन्सर्ट अलाइनमेंट टॅब’ घेऊन तो समासाशी जोडावा. मग समास बदलला तरी ओळ आपोआप सावरते.

कोणी म्हणेल, आशय पाहावा, तळाची ओळ कसली पाहता? म्हणणे खरे आहे. पण ज्याच्या घरी संगणक आहे, तो ही चूक घरबसल्या सुधारतो. ज्याला त्यासाठी तालुक्याला यावे लागते, त्याला तीच चूक दोन खेपांना पडते. आपण संगणकाची प्रमाणपत्रे मिळवितो. कोणती कळ दाबावी हे शिकतो, का दाबावी हे शिकत नाही. गुरुजनांना माझी विनंती आहे की, प्रकल्पाचे काम सुरू होण्यापूर्वी एक तास यासाठी द्यावा.

माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्यांना हे सारे सांगितले, तर ते म्हणाले, “ओळंबा न लावता भिंत चढवली, मग टेकू किती देशील?”

पुढच्या वर्षी माझीही फाइल कोणीतरी नमुना म्हणून मागेल. तिच्यात ठिपक्यांची रांग नसेल, एवढे मी ठरविले आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष