एका रोहित्रावरची घरे

ज्येष्ठ सरता सरता सह्याद्रीवरून वादळी पाऊस उतरतो आणि शहापूर-मुरबाडच्या गावांतून दिवे जातात. कुठे झाडाची फांदी तारेवर कोसळते, कुठे खांब कलतो, कुठे रोहित्र जळते. डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या परिसरातील माणसांना त्याचे नवल राहिलेले नाही. टीव्हीचा आवाज थांबतो, पंखा मंदावतो आणि थोड्याच वेळात घराघरांतील माणसे ओट्यावर येतात. "तुमच्याकडे आहेत का हो?" हा पहिला प्रश्न. उत्तर डोळ्यांना दिसत असूनही तो विचारला जातो, कारण एरवी खुंटलेले बोलणे त्यातूनच सुरू होते. एका घरच्या कंदिलाभोवती चार घरची मुले अभ्यासाला बसतात. दोघे-तिघे तरुण बॅटरी घेऊन तार कुठे तुटली ते पाहायला निघतात. शेवटच्या घरातील एकट्या आजीबाईंची आठवण कोणाला तरी होते आणि तिकडे कोणी तरी धावते.

चित्र मनोहर आहे. पण त्यावर भाळून चालणार नाही. वीज गेली की नळपाणी योजनेचा पंप थांबतो, पिठाची गिरणी बंद पडते, आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीची चिंता लागते. भातलावणीच्या दिवसांत विंचूकाट्याचे भय तर पाचवीलाच पुजलेले. अंधाराचे कौतुक एका रात्रीच्या पाहुण्याने करावे. आठवडाभर तो सोसणाऱ्या पाड्याकडून त्याची अपेक्षा करू नये.

त्यातून हा प्रदेश महानगराला देणाऱ्यांचा आहे. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव शहापूर तालुक्यातला. मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवणारी भातसाही इथलीच. मुरबाडच्या शेतकऱ्यांची जमीन बारवीच्या पाण्याखाली गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शेजारच्या पडघ्याहून कळव्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांत बिघाड झाला, तेव्हा मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या आणि त्याच दिवशी चौकशीचे आदेश निघाले. ते योग्यच झाले. परंतु डोंगराकडेच्या पाड्यावर चार रात्री दिवे नसतील, तर त्याची दखल तितक्याच तत्परतेने घेतली जाते काय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग शेजारधर्माचे प्रयोजन काय? व्यवस्थेच्या उणिवा सोसण्याचे बळ देणे, एवढेच? याचे उत्तर महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, ते विजेच्या भीषण टंचाईच्या काळात. खेडोपाडी तासन्‌तास भारनियमन असे. त्या काळात 'अक्षय प्रकाश योजना' पुढे आली. तिचे सूत्र सोपे होते. ऐन संध्याकाळी, मागणी सर्वाधिक असताना, गावाने शेतीपंप, गिरण्या आणि इतर जड उपकरणे आपणहून बंद ठेवायची. त्या बदल्यात घरातील दिव्यांचा पुरवठा चालू राहील. राज्यातील अनेक गावांनी हे बंधन स्वीकारले.

या योजनेचे मर्म तांत्रिक कमी आणि सामाजिक अधिक होते. काहींनी चोरून पंप लावले की वाहिनीवरचा भार वाढून साऱ्या गावाच्या दिव्यांवर गदा येणार. म्हणजे एकाच्या घरातील उजेड दुसऱ्याच्या संयमावर अवलंबून. खरे तर ही स्थिती एरवीही वेगळी नसते. एका रोहित्रावरची घरे एकमेकांशी बोलोत वा न बोलोत, तारेने बांधलेलीच असतात. कोणी आकडा टाकला की रोहित्रावर ताण येतो आणि ते जळाले, की नियमाने देयक भरणाराही अंधारात बसतो. वीज असताना हे नाते दिसत नाही. ती गेली की दिसू लागते, एवढेच.

हे नाते उसवण्याची सोय मात्र सुबत्तेने करून दिली. ज्याला परवडले त्याने इन्व्हर्टर आणला. त्यात गैर काहीच नाही; घरात रुग्ण असेल, परीक्षार्थी असेल, तर तो हवाच. परंतु आपल्या घरचा दिवा लागला की ओट्यावर येण्याचे कारण संपते, आणि वीज कार्यालयात जाब विचारण्याचेही. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे तोच तक्रारीतून बाजूला झाला, तर उरलेल्यांचे कोण ऐकणार? मध्यमवर्गीय घरांनी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा.

मुरबाड तालुक्यातील धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. दुकानादुकानांत कार्ड स्वीकारणारी यंत्रे आली. पण अशी यंत्रे वीज आणि मोबाइलच्या भरवशावर चालतात. दोन्ही गेले, की कोणत्याही गावच्या दुकानदारापाशी उरते ती वही आणि गिऱ्हाइकावरचा विश्वास. आधुनिकता स्वीकारावीच, ती ज्या विश्वासावर शेवटी उभी राहते, तो मात्र कोणत्याही तारेतून येत नाही. तो माणसांनीच जोपासावा लागतो.

तेव्हा पहिली जबाबदारी वीज असतानाच्या दिवसांची आहे. पावसाळ्यापूर्वी तारांवर आलेल्या फांद्या आणि कललेले खांब दाखवून देणारे लेखी निवेदन पाड्याने एकत्र द्यावे. एकाकी वृद्ध, आजारी माणसे, गर्भवती स्त्रिया कोणत्या घरात आहेत, हे आळीतील चार जणांना ठाऊक असावे. आकडा टाकणाऱ्याला शेजाऱ्यानेच समजवावे. पडलेल्या तारेला कोणीही हात लावू नये. ते काम तारतंत्र्याचेच. पुरवठा पूर्ववत करण्याच्या कालमर्यादा वीज नियामक आयोगाने ठरवून दिल्या आहेत आणि त्या मोडल्यास भरपाई मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो हक्क एकट्याने बजावणे कठीण जाते. साऱ्या आळीने मिळून मागितला तर टाळणे कठीण जाते.

दिवे आले की ओटे रिकामे होतात, दारे लोटली जातात. त्या दारांतून दुसऱ्या दिवशीही एकमेकांकडे जाणे-येणे राहिले, तरच अंधारातल्या त्या रात्रीचे चीज झाले असे म्हणता येईल.