पूररेषा कागदावर, पाणी घरात

पुणे : २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी मुठेत सोडण्यात आले आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीतील रहिवाशांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. मदतीसाठी लष्करालाही पाचारण करावे लागले. त्यानंतर दहा महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०२४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला होता. एका ठिकाणी पाणी घरात शिरले, दुसऱ्या ठिकाणी बुलडोझर. दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : नदीकाठी बांधकाम कुठवर करता येते, हे ठरविणारी रेषा सामान्य ग्राहकाला वेळेवर दिसते का?

जलसंपदा विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून राज्यात नदीकाठच्या जमिनीसाठी दोन रेषा मानल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा असून, तेथे उद्याने, खुली भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प अशा मोजक्याच वापरांना परवानगी आहे. निळ्या व लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित मानला जातो.

'२५ वर्षांतून एकदा' म्हणजे काय?

या शब्दप्रयोगाने अनेकांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला की पुढची २५ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता चार टक्के असते. २० वर्षांच्या गृहकर्जाचा विचार केला, तर कर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेवरील घरात किमान एकदा पाणी शिरण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के भरते. लाल रेषेवर हाच धोका सुमारे १८ टक्के आहे. पाचात एक, हा धोका दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने नियंत्रित पट्ट्यातील बांधकामाचा मार्ग मोकळा ठेवला आहे. लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंचीवर बांधकाम करता येते. निषिद्ध पट्ट्यातील जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासालाही याच अटीवर परवानगी मिळू शकते. यामुळे घरातील फरशी कोरडी राहील, हे खरे. मात्र, वाहनतळ, विजेची यंत्रणा आणि मुख्य रस्त्यापर्यंतची वाट पाण्यातच राहणार. शिवाय उंची गाठण्यासाठी भराव टाकला, तर त्या जागेत पसरणारे पाणी शेजारच्या जुन्या वस्तीकडे वळते. एका गृहसंकुलाची सुरक्षितता दुसऱ्याच्या माथी मारली जाते.

रेषा एकदा आखली की कायमची, हा समजही चुकीचा आहे. पात्रात राडारोडा पडला, काठावर भिंती उभ्या राहिल्या, ओढे बुजविले गेले, की तेवढ्याच विसर्गाला पाण्याची पातळी अधिक वाढते. त्यातच धरणाखालच्या मुक्त पाणलोट क्षेत्रातील पाऊस धरणाच्या विसर्गात भर घालतो. खुद्द महापालिकेने मुठेच्या पात्रालगत बांधलेल्या रस्त्याबाबत २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणाला हस्तक्षेप करावा लागला होता. नियम राबविणारी यंत्रणाच पात्र अरुंद करणार असेल, तर नागरिकांनी रेषेचा आदर करावा, ही अपेक्षा फोल ठरते.

समुद्राला कायदा, नदीला परिपत्रक

समुद्रकिनाऱ्याला १९९१ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखालील अधिसूचनेचे कवच आहे. राज्यातील नद्यांसाठी सन २००० मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आले, २००९ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. त्या धोरणाचा रोख मुख्यतः प्रदूषणकारी उद्योगांवर होता. तरीही नदीपासूनच्या अंतराचा विचार करणारी एक चौकट त्यासोबत गेली आणि मुख्य भिस्त उरली ती पूररेषांवर.

जमीनमालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. विकासयोग्य विभागातील भूखंडाचा काही भाग पूररेषेत येत असल्यास त्याचे चटई क्षेत्र उर्वरित भूखंडावर वापरण्याची मुभा नियमावलीत आहे. मोठ्या विकसकाला तिचा लाभ मिळतो. परंतु गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्याचा संपूर्ण भूखंडच रेषेच्या आत असेल, तर 'उर्वरित' काही राहतच नाही. तो मुद्रांक शुल्क भरतो, घर बांधतो आणि रेषेची माहिती त्याला कित्येकदा कारवाईच्या नोटिशीतून होते.

यावरचा पहिला उपाय फारसा खर्चिक नाही. निळी व लाल रेषा गट क्रमांकनिहाय सातबारा आणि मिळकत पत्रिकेवर नोंदविली, तिच्या आखणीची तारीख दिली आणि खरेदीखतात तिचा उल्लेख सक्तीचा केला, तर व्यवहार होण्याआधीच धोका कळेल. पात्राची मोजणी ठराविक काळाने नव्याने व्हावी आणि नियंत्रित पट्ट्यात भरावास स्पष्ट मनाई असावी, हे त्यापुढचे टप्पे. पूर्वीपासून तेथे राहणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र यापेक्षा अवघड आहे आणि त्यासाठी निधी व जागा दोन्ही लागतील.

१९६१ चा पानशेतचा पूर ज्या शहराने अनुभवला, त्याला नदीचा विस्तार वेगळा सांगण्याची गरज नसावी. नदी आपली जागा पावसाळ्यात दाखवून देतेच. ती खरेदीखतावर सही होण्याआधी दाखविणे, हे शासनाचे काम आहे.