कुपोषणाचे दुसरे टोक

पालघर जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा भुकेच्या निमित्ताने. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला आणि दोनच वर्षांनी मोखाड्यातील बालमृत्यूंवरून पुन्हा तोच गदारोळ उठला. अशा जिल्ह्यात मुलांच्या लठ्ठपणाची चर्चा करणे ही पुष्कळांना क्रूर थट्टा वाटेल. परंतु ती करावयास हवी, आणि ती वसई-बोईसरच्या सुखवस्तू घरांपुरती ठेवून चालणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेले. आकडा लहान आहे. पण चार-पाच वर्षांत तो दुपटीहून अधिक झाला, आणि त्याच पाहणीत ३६ टक्के बालके कमी वजनाची आढळली. एक रोग हटला म्हणून दुसरा आला, असे घडलेले नाही. दोन्ही एकाच छपराखाली नांदत आहेत.

त्यांचा परस्परसंबंध महाराष्ट्रातच उलगडला, हे आपण विसरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके युरोपीय बालकांपेक्षा वजनाने कितीतरी कमी भरली, परंतु ही तूट स्नायूंत अधिक होती. चरबी बरीचशी टिकून होती. अशा शरीराला पुढे नुसत्या उष्मांकाचा भडिमार झाला की मधुमेह व हृदयविकाराची वाट मोकळी होते. म्हणजे जव्हारच्या अर्धपोटी मातेचे मूल उद्या बोईसरच्या चाळीत वाढू लागले, तर त्याचा धोका कारखान्याच्या अधिकाऱ्याच्या मुलापेक्षा कमी नाही.

आणि ते तेथे येतेच. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. परप्रांतीय मजुरांप्रमाणे डोंगरपट्ट्यातील आदिवासी कुटुंबेही पोटासाठी खाली उतरतात. आईबाप दोघेही पाळीवर. मुलाच्या हाती पाच रुपयांचे वेफर्सचे वा बिस्किटांचे पाकीट. गावाकडची नाचणी, वरई आणि रानभाजी येथे मिळत नाही असे नाही, पण ती रांधावयास वेळ आणि इंधन लागते. यात आईला दोष देणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा बारा तासांची पाळी करून पाहावी. श्रीमंत देशांत लठ्ठपणा श्रीमंतांकडून गरिबांकडे सरकला तो असाच. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार शाळकरी वयाच्या मुलांत लठ्ठांची संख्या जगभरात प्रथमच कमी वजनाच्या मुलांहून अधिक झाली आहे.

शासन मात्र दोन्ही हातांनी परस्परविरुद्ध दोर ओढते. अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील अंगणवाडीच्या बालकाला अंडे वा केळी मिळतात, ही गोष्ट स्तुत्य. पण तेच मूल शाळेत गेले की काय? २०२३ च्या अखेरीस शालेय भोजनात आठवड्यातून एक अंडे देण्यास आरंभ झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून, अंडी द्यावयाची तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना कळविण्यात आले. मोखाड्याच्या पाड्यावर वर्गणी कोण देणार, हे आदेश काढणाऱ्यांनाच ठाऊक. त्याच वर्षी सप्टेंबरात बिस्किटे, फरसाण व चॉकलेटवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आणला गेला. शाळेच्या ५० मीटर परिसरात अतिस्निग्ध, अतिगोड व अतिखारट पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. बोईसरमधील कोणत्याही शाळेची मधली सुट्टी तो पाळला जातो की नाही हे सांगू शकेल.

राज्याने अंड्यांचा निधी प्रथम आदिवासी तालुक्यांत आणि तारापूरच्या कामगार वस्त्यांतील शाळांत पूर्ववत करावा. शालेय तपासणीत उंची, वजन व कंबरेचा घेर यांची नोंद एकत्र ठेवावी आणि ती जिल्ह्याच्या सरासरीत बुडवून न टाकता तालुकावार प्रसिद्ध करावी.