काठ मातीचाच राहू द्या

पुण्यातून निघालेली मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. रांजणगाव म्हटले की महागणपती नाही तर एमआयडीसी आठवते, पण ते रांजणगाव वेगळे. हे नदीकाठचे. पलीकडे दौंड तालुका. दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस व पाणी यांच्या मध्ये बाभळी, लव्हाळे, वाळू आणि मातीची उभी दरड असलेला एक अरुंद पट्टा. आमचे म्हणणे या पट्ट्यापुरते आहे.

वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता या संगमावर उभे राहून त्या पाण्याने वजू करायला मन धजेल का? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी इथवर येते. त्यावर जलपर्णी पोसली जाते. पुढे हेच पाणी उजनी धरणात जाते.

पाणी घाण झाले म्हणून काठही गेलाच, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. वेडा राघू आणि कवड्या खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरून पिल्ले वाढवतात. टिटवी तर घरटेच बांधत नाही. उन्हाळ्यात उघड्या खडीत अंडी घालते. तिथे वाळू उपसणारा जेसीबी उतरला की तिचा तो हंगाम संपला. भीमाकाठचा चोरटा वाळूउपसा आपण फक्त महसूल बुडाला म्हणून मोजतो. टिटवीचा हिशेब कुठल्याच पंचनाम्यात नसतो.

पुण्यात दुसरीच तऱ्हा. तिथे सुमारे 44 किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प आहे. 2022 मध्ये भूमिपूजन झाले, आणि झाडे तुटणार म्हणून लोक रस्त्यावरही आले. नदीकाठी फिरायला जागा हवी, यात वाद नाही. दाट वस्तीत राहणाऱ्या आपल्या पोरांना, त्याहून पोरींना, ती हवीच. पण फिरायला पायवाट पुरते. दगडी काठात खंड्या बीळ कुठे कोरणार?

येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठची झाडी डॉ. सलीम अलींच्या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला हा पोरका मुलगा. छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. पुढे किहीमला सुगरणीची घरटी निरखत बसला. घरटी नर विणतो, आणि एक मादी अंड्यांवर बसली की तो दुसरे विणायला घेतो, हे त्याने नोंदवले. (सुगरण हे नाव आपण उगाच मादीला दिले!) आपल्याकडे त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, पण त्यांच्यासारखे काठावर तासभर बसणारे किती?

शिरूर-दौंडच्या मित्रमैत्रिणींना एक काम सुचवतो. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी केलेली नोंदवही असायला हवी. येत्या ग्रामसभेत ती मागा. समितीत कोण आहे, ते विचारा. नदीकाठचे पक्षी, झाडे, मासे तिच्यात नसतील, तर ते लिहून द्यायचे काम अंगावर घ्या. मासे धरणाऱ्यांना आणि मेंढपाळांना आधी विचारा; त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. वाळूच्या गाड्या कुठून उतरतात, त्या जागाही लिहा. तक्रार मात्र एकट्याने करू नका, ग्रामसभेच्या ठरावाने करा. वाळूवाल्यांशी एकट्याने भिडण्यात शहाणपण नाही.

मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा संगमावर जा. उन्हे वर आल्यावर, चौघे-पाच जण मिळून आणि बोलत जा, कारण या भागात उसात बिबट्या आहे. पाचजणांत एक दुर्बीण पुरते.